वाघ, सिंह आणि खिळ्यांचा पट्टा

बुधवार

माझा भाचा सोहम चंद्रपूरचा. वय ११. पुण्यातल्या एका लग्नासाठी आला आणि लग्न उरकल्यावर आठवडाभर आमच्याकडे धनकवडीत राहिला. येताना ताईने दिलेला सांडगी मिरच्यांचा डबा आणि एक दोनशे पानी वही घेऊन आला होता. वहीच्या पहिल्या पानावर स्केचपेनने लिहिलेलं : ‘सगळ्यात ताकदवान कोण?’ आत पानापानावर एकेक जनावर. वजन, दात, नखं, वेग, चाव्याचा जोर आणि खाली शंभरपैकी गुण. वाघाला ९८. दोन का कापले म्हणून विचारलं, तर म्हणाला, “पोहता येते त्याले, पण बिबट्यासारखं झाडावर कुठं चढता येते मामाजी?”

चंद्रपूरच्या पोराने वाघाला झुकतं माप द्यावं यात नवल नाही. त्यांच्याकडे औष्णिक वीजकेंद्राच्या आवारातसुद्धा वाघ फिरतो. पण माझी मुलगी मुक्ता १३ वर्षांची आहे, पुण्यात वाढलेली आहे आणि समोरचा जे म्हणेल त्याच्या विरुद्ध बाजूला उभी राहते. ती सिंहाची झाली. दोन दिवस ताटावर बसून दोघं भांडत होती. शेवटी मी जाहीर केलं, वाद बास, उद्या प्रत्यक्ष बघू.

सकाळी कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाशी पोचलो तर फाटक बंद. मी १८ वर्षं धनकवडीत राहतो, तिथून हे रिक्षाने दहा मिनिटांवर, आणि ते बुधवारी बंद असतं हे मला टपरीवाल्याने सांगावं लागलं. “मामाजी, तुम्ही पुण्याचेच ना?” सोहमने विचारलं. मी रिक्षा सारसबागेकडे वळवायला सांगितली.

आमच्या लहानपणी वाघ-सिंह सारसबागेशेजारी पेशवे पार्कात असत. पुढे जनावरं कात्रजला गेली. तिथल्या फुलराणीचं, छोट्या आगगाडीचं, नाव काढलं तर दोघांनी तोंडं वाकडी केली, म्हणून पर्वतीकडे बोट दाखवून इतिहास सुरू केला. सवाई माधवराव पेशव्यांना जनावरांचा भारी शौक, त्यांचा शिकारखाना, म्हणजे जंगली जनावरं ठेवायची जागा, याच भागात होता. पेशवे दरबारातला इंग्रजांचा राजदूत मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली होती, आणि तिथे तयार झालेल्या गंगाराम तांबटाने १७९० मध्ये पेशव्यांच्या गेंड्याचं चित्र काढलं. ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. सोहमने वही उघडली आणि बंद केली. “गेंडा गवत खाते. त्याचं पान नाही.”

भेळ खाऊन घरी आलो.

गुरुवार

आज फाटक उघडं होतं. मधे तळं, भोवती झाडी, एकूण परिसर १३० एकरांचा. बॅटरीवर चालणारी गाडी मिळते, पण आम्ही चाललो. सिंहापाशी पहिला थांबा, कारण मुक्ताने हट्ट धरला.

सिंह झोपला होता. पाठीवर, चारी पाय हवेत, एखाद्या जावयाने जेवणानंतर ताणून द्यावी तसा. अर्धा तास थांबलो. त्याने एक कान हलवला. मुक्ताचा चेहरा पडला, सोहमने मात्र झोपेचा रकाना नसताना नवा रकाना आखला आणि तिथे शून्य मांडलं. सिंह दिवसाचे वीस-वीस तास लोळून काढू शकतो, हे मी सांगितल्याने मुक्ताची बाजू आणखीच पडली.

मग आकडे निघाले. बंगाली वाघाचा नर साधारण १८० ते २६० किलो. गीरचा सिंह १६० ते १९०. आफ्रिकेतला सिंह त्याहून थोराड असतो, पण सोहम म्हणाला की भारतातल्याची भारतातल्याशीच लावायची. “सत्तर किलोचा फरक मामाजी! कुस्तीत असे दोघं एका गटात उतरवतेत का?” मुद्दा बिनतोड होता. मुक्ता म्हणाली, “पण आयाळ? वाघाने मान धरली की तोंडात केसच येणार.”

इथे मला थोडं बोलता आलं, कारण ही गोष्ट मी वाचलेली होती. मांजरकुळातली बहुतेक मोठी जनावरं शेवटी गळ्यावर जातात. नख्यांनी धरायचं, पाडायचं, आणि मोठं जनावर असेल तर नरडं दाबून श्वास कोंडायचा. त्यामुळे आयाळ म्हणजे गळ्याची ढाल, असं पूर्वापार मानलं जायचं. पेटन वेस्ट आणि क्रेग पॅकर या दोन शास्त्रज्ञांनी आफ्रिकेत सेरेंगेटीच्या माळावर हे पारखून पाहिलं आणि २००२ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांनी खऱ्या सिंहाएवढ्या बाहुल्या केल्या, कुणाची आयाळ आखूड, कुणाची लांब, कुणाची फिकी, कुणाची काळी. त्या माळावर मांडून ठेवल्या. नर लांब आयाळीच्या बाहुलीला बिचकून आखूडवालीकडे गेले. माद्या मात्र काळ्या आयाळीकडे वळल्या. ढाल म्हणून आयाळीचा फार उपयोग होतो, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे ती भांडणात वापरायची नसून भांडण सुरू होण्याआधीच समोरच्याला परतवायची वस्तू आहे.

“म्हणजे मिशा,” मुक्ता म्हणाली.

“हो, मिशाच.”

गीरच्या सिंहाची आयाळ तशीही विरळ, कान उघडे दिसतात. पोटाखाली कातडीची एक लोंबती घडी असते. तो उठेना म्हणून आम्ही ती घडी उताण्या अवस्थेतच पाहून घेतली.

सिंहाच्या बाजूने एक गोष्ट मात्र मी नोंदवायला लावली. सिंह भांडायला सरावलेला असतो. दोन-तीन नर मिळून कळप धरतात, दुसरी टोळी आली की मारामारी, हरले तर पिल्लंसुद्धा मारली जातात. भाऊबंदकी हाच त्यांचा उद्योग. वाघ एकटा. पंजा दुखावला तर त्याला कुणी आणून घालत नाही, उपाशी मरायची वेळ येते. म्हणून वाघ शक्यतो मुताच्या वासावर आणि झाडावरच्या ओरखड्यांवर भागवतो. “भित्रा म्हणता का?” सोहम एकदम तापला. भित्रा नाही रे बाबा, हिशेबी.

वाघ त्या वेळी तळ्याच्या बाजूला येरझाऱ्या घालत होता. वळताना कानामागचे पांढरे ठिपके दिसायचे. सोहम पहिल्यांदाच गप्प झाला. बऱ्याच वेळाने पुटपुटला, “ताडोब्यातला असा नाही चालत.”

अस्वलापाशी आमची भूमिका उलटी झाली, सोहम सांगू लागला आणि मी ऐकू लागलो. त्यांच्या गावाकडे मोहफुलं वेचायला जाणारे लोक वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितात. वाघ चाहूल लागली की बाजूला होतो, अस्वल बाजूला होत नाही. ते मागच्या पायांवर उभं राहतं आणि तोंडावरच येतं. त्याच्या लांब नख्या खरं तर वारुळं उकरायला आहेत, वाळवी शोषून घेता यावी म्हणून वरचे मधले दोन दातही नसतात. वाळवी खाणारा हा प्राणी वाघासमोर उभा ठाकतो, आणि वाघ पुष्कळदा वाट सोडतो. वहीत अस्वलाला ५५ गुण होते. ते खोडून ७० केले गेले, बरीच घासाघीस होऊन.

परतताना गवा पाहिला. हाही गवत खाणारा, म्हणून पान नाही, पण हजार किलोपर्यंत जाणाऱ्या या जनावराला वाघ पाडू शकतो हे कळल्यावर वाघाला आणखी एक गुण मिळाला. डिसेंबर २०२० मध्ये असाच एक गवा चुकून कोथरूडमध्ये शिरला होता. लोक मोबाईल घेऊन मागे लागले, पळून पळून तो मेला. मुक्ताला आठवत होतं. सोहमने विचारलं, “मग तिथं कोणाले गुण द्यायचे?” मी आइसक्रीमची गाडी दाखवली.

शुक्रवार

जुन्नरला माझा कॉलेजातला मित्र राहतो. त्याचा ऊस तोडणीला आला होता आणि “पोरांना घेऊन ये, वाघ दाखवतो” असा फोन होता. सोहमला रात्री झोप लागली नाही.

चाकणच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास गेला. तेवढ्यात गाडीत जगातले सगळे प्राणी लढून झाले. खाऱ्या पाण्यातली मगर : फ्लोरिडाचे शास्त्रज्ञ ग्रेगरी एरिक्सन यांनी २०१२ मध्ये जी मोजमापं छापली, त्यांत तिच्या चाव्याचा जोर १६ हजार न्यूटनच्या वर भरला. मांजरकुळातलं कुणी तिच्या जवळपासही येत नाही. पण जबडा उघडणारे स्नायू इतके दुबळे की मिटलेलं तोंड दोरीनेही बांधून ठेवता येतं. जग्वार वाघाहून बराच लहान, पण तो थेट कवटीत दात घालतो. चित्ता आला आणि लगेच बाद झाला : आपलीच शिकार राखता न येणारा, नख्याही पुऱ्या आत न जाणाऱ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून ८ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आले, तेव्हा शाळेत सोहमने चित्त्यावर भाषण केलं होतं, तरी वहीत दया दाखवली नाही. मग रशियातलं तपकिरी अस्वल आणि तिथला वाघ. वाघ तिथली लहान अस्वलं मारून खातो आणि थोराड नर अस्वल वाघाची शिकार हिसकावून घेतं. दोन्ही खरं. सोहमला हे अजिबात आवडलं नाही. त्याला एक उत्तर हवं होतं.

राजगुरुनगरच्या पुढे मुक्ताने समुद्र काढला. ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, पाच-सहा टनांचा नर. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या फॅरलॉन बेटांपाशी एका ऑर्काने मोठा पांढरा शार्क मारल्याचं बोटीवरच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. “संपलं,” ती म्हणाली. सोहमने खिडकीबाहेर बघत जाहीर केलं की वही जमिनीवरच्यांचीच आहे.

मित्राची वाडी उसाने वेढलेली. चहा पिताना त्याचे वडील, अण्णा, म्हणाले, “परवाच्याला वाघ हितं गोठ्यामागं बसला होता.” सोहम उभाच राहिला. मग लक्षात आलं की इकडे बिबट्याला वाघच म्हणतात. चंद्रपूरकराचा भयंकर अपेक्षाभंग झाला. “अण्णा, तो वाघ नाही. पट्टे कुठं हाय त्याले?” अण्णा शांतपणे म्हणाले, “आम्हाला काय पट्टे मोजायला थांबतोय व्हय तो.”

पूर्वी इथे कोरडवाहू शेती होती. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाटाचं पाणी आलं, ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो, आत गारवा, बाजूला पाणी, वस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याला आणखी काय हवं? माद्या उसातच वितात. तोडणीला कोयता चालू झाला की सरीत मांजराएवढी पिल्लं सापडतात. वनखात्याचे लोक ती टोपलीत नाही तर क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि मादी रात्री येऊन उचलून नेते. पिल्लं सापडलेल्या शिवारात तेवढे दिवस कुणी एकट्याने फिरत नाही.

गोठ्याच्या खांबाला एक पट्टा लटकत होता. चामड्याचा, बाहेरच्या बाजूला बोटभर खिळे. सोहमने हात लावला आणि मागे घेतला. मित्राने सांगितलं, “वाघ्यासाठी करून घेतला होता. कुत्रं धरताना बिबट्या मानच धरतो ना. चांभाराला सांगितलं, त्याने आठ दिवस लावले.” पुढचं त्याने सांगितलं नाही. अण्णा म्हणाले, “सातव्या दिवशी नेलं.”

असले पट्टे आता फक्त कुत्र्यांच्या गळ्यात नाहीत. २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला माणसांवर हल्ले झाले, त्यानंतर बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जातानाचे फोटो सगळ्या पेपरांत आले होते. मी ते धनकवडीत बसून चहाबरोबर पाहिले होते. इथे, त्या खांबाजवळ, ते वेगळे आठवले. अण्णांचं म्हणणं एकच होतं : “दिवसा वीज द्या. रात्री मोटार चालू करायला आम्ही त्याच्या घरात जातो, मग तो काय करंल?”

सोहमच्या वहीत बिबट्याला ६१ गुण. कारण वजन : नर ५० ते ७० किलो, म्हणजे माझ्याहून कमी. वाघासमोर तो टिकत नाही, वाघ असेल तिथे कडेकडेने राहतो. पण २०२२ च्या गणनेत देशात वाघ सरासरी ३,६८२ आणि बिबटे १३,८७४, त्यातले महाराष्ट्रात १,९८५. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तर वजनाच्या हिशेबाने खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. हरणारा, कुत्र्यांवर जगणारा, गावाच्या कडेला राहणारा. आणि संख्येने जवळजवळ चौपट.

रात्री अंगणात बसलो असताना मित्राने ‘आजोबा’ची गोष्ट सांगितली. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला म्हातारा बिबट्या, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून २००९ मध्ये माळशेजला सोडला. महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून, हायवे आणि रेल्वे ओलांडून मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत गेला. वाटेत माणसाला बोटही लावलं नाही. २०११ मध्ये गाडीच्या धडकेत मेला.

दहाच्या सुमारास लांब उसात करवतीने लाकूड कापल्यासारखा आवाज आला. खर्र-खर्र, थांबून पुन्हा. वाडीवरची सगळी कुत्री भुंकत होती ती एका क्षणी गप्प झाली. सोहम माझ्या मांडीला चिकटला. अकरा वर्षांचं पोरगं, वहीत सगळ्यांचे दात मोजलेलं.

शनिवार

सकाळी पाटाच्या चिखलात पायाचा ठसा सापडला. पट्टीने मोजला, रुंदी साडेसात सेंटिमीटर. “एवढासाच?” सोहम म्हणाला, पण वही उघडली नाही. निघताना त्याने अण्णांना विचारून तो पट्टा मागून घेतला. चंद्रपूरला त्याचा कुत्रा शेरू आहे. अण्णांनी पट्टा जुन्या पोत्यात गुंडाळून दिला, खिळे लागू नयेत म्हणून. नारायणगावला मिसळ खाल्ली. बाकी दिवस चाकणमध्ये.

रविवार

पहाटे तीनला निघालो. भिगवणच्या पुढे इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे, तिथे वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. मुलांना सांगितलं होतं की आज वाघ नाही, सिंह नाही. तरी आली.

उजाडताना गवत सोन्यासारखं वगैरे दिसतं, ते फोटोत बरं. प्रत्यक्षात थंडीने बोटं आखडली होती. चिंकारा दिसले, एक खोकड बिळाबाहेर ऊन खात बसलेलं. मग गाइडने हात वर केला. दोन लांडगे, दोनशे मीटरवर, एका रेषेत, दुडक्या चालीने. वीसेक किलोंचे, गल्लीतल्या कुत्र्याहून उंच एवढंच. त्यातला एक थांबला, आमच्याकडे बघितलं, आणि आमच्यात बघण्यासारखं काही नसावं तसा पुढे गेला.

गाइड म्हणाला, लांडग्याला इथे भीती आहे ती कुत्र्यांची. मुक्ताला हसू आलं. पण तो लढाईबद्दल बोलतच नव्हता. मोकाट कुत्र्यांशी लांडग्यांचा संकर होतो, पुण्याच्या आसपास तो जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय. शिवाय कुत्र्यांचे रोग. सेरेंगेटीत १९९४ मध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपर या विषाणूच्या रोगाने सुमारे हजार सिंह गेले, तिथल्या सिंहांचा तिसरा हिस्सा. गीरमध्ये २०१८ साली त्याच रोगाने वीसहून अधिक मेले. सोहमने हळूच विचारलं, “विषाणूचं वजन किती असते मामाजी?” मी म्हटलं, पान वाया घालवू नकोस.

परत येताना रस्त्यात मेंढरं आडवी आली. मेंढपाळाच्या कुत्र्याच्या गळ्यात तसाच पट्टा, खिळे गंजलेले. सोहम गाडी थांबवूनच उतरला.

“बाबा, तुमचं कुत्रं लांडग्याशी लढते का?”

म्हातारा हसला. “एकटं कशाला लढंल? ते भुकतं. भुकलं की मी उठतो. मी उठलो की लांडगा जातो.”

“आन नाही गेला तर?”

“मग एक मेंढरू नेतो,” म्हातारा म्हणाला आणि काठीने कळप कडेला घेतला.

गाडीत सोहमने वही काढली. मला वाटलं, आता गुण खोडणार. त्याने शेवटच्या पानावर पट्ट्याचं चित्र काढलं, खिळे मोजून. सतरा होते. सिंह-वाघाचा निकाल विचारला तर म्हणाला, “वाघच. पण ९७.”

“दोन का कापले?”

“पाय दुखला तर कोणी आणून देत नाही ना.”

संध्याकाळी भाऊजी न्यायला आले. मंगळवारी ताईचा फोन आला, “अरे, याच्या बॅगेत हे काय काटेरी पाठवलंस? माझ्या हाताला लागलं!” मी म्हटलं, शेरूसाठी आहे. मागून सोहमचा आवाज आला, शेरू घालूच देऊन नाही राह्यला, म्हणे गळ्याला हात लावला की चावते.